चाकमास्तरांची एक सही

चाकमास्तरांच्या दुकानात सायकल घेऊन गेलेला माणूस लवकर सुटत नाही, आणि नुसत्या गप्पा मारायला गेलेला तर मुळीच सुटत नाही. मी बावीस वर्षं या दुसऱ्या प्रकारात मोडतो. माझ्याकडे आता सायकलच नाही. होती, ती जावयाला दिली. जावयाने भिंतीला टेकवून ठेवली. भिंतीचा रंग गेला म्हणून मुलीने ती कोणाला तरी देऊन टाकली. तेव्हा मास्तर आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. नवव्या दिवशी म्हणाले, "अहो, निदान सांगायचं तरी. चाकं काढून घेतली असती," आणि चहाचा कप पुढे सरकवला.

दुकान रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली आहे. आत बसलं की रस्त्यावरच्या माणसांचे फक्त गुडघे दिसतात आणि सायकलींची फक्त चाकं. मास्तरांना तेवढं पुरतं. मान वर न करता सांगतात, "कंपाउंडर चाललाय. मागचं चाक डावीकडे मारतंय. उद्या येईल." आणि कंपाउंडर दुसऱ्या दिवशी येतो.

त्यांचं खरं काम म्हणजे चाकाचा आऊट काढणं. पंक्चर कोणीही काढतो हो. वेडंवाकडं डुलणारं चाक सरळ करणं ही वेगळी गोष्ट. चाक स्टँडवर चढवायचं, खडूचा तुकडा रिमच्या अगदी जवळ धरायचा आणि चाक फिरवायचं. जिथे रिम बाहेर येते तिथे खडू उमटतो. मग त्या जागेचा एक स्पोक पाव फेरा आवळायचा, समोरच्या बाजूचा पाव फेरा सैल करायचा, पुन्हा फिरवायचं. शेवटी सगळे स्पोक बोटाने छेडून आवाज ऐकायचा. सगळे एका सुरात वाजले की चाक पास. हे एवढंसं शिकायला मास्तरांना मामाच्या दुकानात चार वर्षं लागली, आणि त्यातलं पहिलं वर्ष नुसता खडू धरण्यात गेलं.

मास्तर तरुणपणी एकदाच शर्यतीत उतरले. अर्ध्या वाटेवर पुढचा एक जण पडला. त्याचं पुढचं चाक इतकं वाकडं झालं होतं की मास्तरांना ते बघवेना. उतरले, खिशातून पाना काढला आणि रस्त्याच्या कडेला बसून त्याचं चाक सरळ करून दिलं. तो पडलेला गडी उठला, सायकलवर बसला आणि निघून गेला. तो शेवटून दुसरा आला आणि मास्तर शेवटचे. तो गडी म्हणजे आमचा टेलर. समोरच्याच बाजूला त्याचं दुकान आहे. या गोष्टीला पंचेचाळीस वर्षं झाली, तरी टेलर अजून म्हणतो, "शर्यतीत मी मास्तरला हरवलंय," आणि मास्तर म्हणतात, "माझ्या चाकावर!"

दरवर्षी ती तीन आठवड्यांची मोठी सायकल शर्यत लागली की या दोघांचा धंदा बसतो. मास्तरांच्या फळीवर एक टीव्ही आहे. टेलर मापाची पट्टी गळ्यात तशीच ठेवून येऊन बसतो, आणि दोन म्हातारे परक्या डोंगरांवर चढणाऱ्या पोरांना "अरे आता उठ, आता उठ सीटवरून" म्हणून ओरडत राहतात. मला त्यातलं काही कळत नाही. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, मला पहिला, दुसरा, तिसरा एवढं कळतं. पण या खेळात तेवढंही धड नाही.

एकदा मी सहज विचारलं, "मास्तर, तुमचा तो बगळा सलग चार वेळा जिंकला म्हणता, मग तुमच्या भिंतीवरच्या पाट्यांत त्याचं नाव का दिसत नाही?"

बगळा म्हणजे एक लांब टांगांचा सायकलपटू. यांनी सगळ्यांना अशीच नावं ठेवलेली.

"त्याची जेतेपदं काढून घेतली," टेलर म्हणाला. "औषधं घेत होता. सापडला."

"मग त्यातल्या शेवटच्या वर्षी पहिला कोण आला?"

"कोणीच नाही."

"कोणीच नाही म्हणजे? तीन आठवडे दीडशे माणसं सायकल चालवत होती आणि कोणीच पोचलं नाही?"

"पोचले हो. पण दुसरा आलेलाही पुढे सापडला. तिसरा सापडला नाही, पण त्याचा डॉक्टर सापडला. म्हणून जागा मोकळी ठेवली."

"आणि चौथा?"

"चौथ्याला कोणी विचारलंच नाही."

मी दोन दिवस त्या चौथ्याचा विचार करत होतो. बिचारा घरी जाऊन बायकोला काय सांगत असेल?

दुसरा घोळ रक्ताचा. यांच्या म्हणण्याप्रमाणे काही जण आपलंच रक्त काढून ठेवायचे आणि शर्यतीच्या मधेच परत अंगात भरून घ्यायचे. मी म्हटलं, "माझंच रक्त मला दिलं, तर चोरी कोणाची झाली?" यावर टेलरने इतक्या जोरात मापाची पट्टी ओढली की ती त्याच्याच गळ्याला बसली. तिसरा घोळ संघांचा. एका वर्षी संघ फरशीवाल्यांचा, पुढच्या वर्षी तोच संघ गादीवाल्यांचा, त्याच्या पुढे विमावाल्यांचा. माणसं तीच, बस तीच, फक्त सदरा नवा. मग फरशीच्या सदऱ्यात केलेलं पाप गादीच्या सदऱ्याला लागतं की नाही? यावर त्या दोघांनी एक अख्खा पावसाळा घालवला आणि निकाल लागला नाही.

मतं मात्र दोघांची पक्की होती. टेलर कडक. "जो सापडला त्याला जन्मभर बंदी. त्याच्या संघालाही. त्या संघात जो जो जेवला त्या सगळ्यांना." मास्तर मऊ. "अरे, त्या काळात सगळेच घेत होते. एकाला कशाला धरायचं? डोंगर तर पायांनीच चढले ना? सोडून दे."

"तू काय, शेणालाही सोडून देशील."

"आणि तू गंगाजळालाही बंदी घालशील!"

मास्तरांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणतो. दुकानाच्या मागेच घर. त्या दारातून डोकं बाहेर काढून म्हणायच्या, "त्या लोकांना कळलं का हो, तुम्ही इथे काय ठरवलंत ते? नाही, म्हणजे ते वाट बघत असतील."

आता भिंतीविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच झालं. मास्तरांनी तेलाच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे कापून हाताएवढ्या पाट्या केल्या होत्या. प्रत्येक आवडत्या सायकलपटूची एक पाटी, वर वहिनींच्या सुरेख अक्षरात नाव, आणि वर भोक पाडून खिळ्याला अडकवलेली. कोणी औषधात सापडला की टेलर उठायचा आणि त्याची पाटी उलटी करायचा. नाव भिंतीकडे, कोरा पत्रा आपल्याकडे. या कामाचा मान टेलरचा, कारण मास्तरांच्या हातून ते होत नसे. मला आमच्या शाळेचे गुरुजी आठवायचे. तेही असंच पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं करत. एकदा शाई सांडली म्हणून मला उभं केलं. मी सांडली नव्हती. पण दुपारपर्यंत भिंत बघून बघून मलाच वाटायला लागलं की मीच सांडली असेल. अजूनही नक्की सांगता येत नाही.

तर अशा त्या भिंतीवर वीसेक वर्षांत कोरे पत्रेच जास्त झाले.

मास्तरांची नात भिंगरी. सोळा वर्षांची. आईवडील दोघंही बोटीवर नोकरीला, वर्षातले नऊ महिने पाण्यावर, म्हणून पोरगी लहानपणापासून आजीआजोबांकडे. कागदोपत्रीही पालक म्हणून मास्तरांचंच नाव. ती सायकलवर बसली की खाली उतरत नाही. डोंगराच्या घाटात तिने टेलरच्या पुतण्याच्या मोटारसायकलला एकदा मागे टाकलं. पुतण्या म्हणतो पेट्रोल संपलं होतं. असेल.

या वर्षी एका संघाचा प्रशिक्षक मुलींची चाचणी घ्यायला आला होता. भिंगरी गेली, आणि चढावर सगळ्यांत कमी वेळ तिला लागला. मंगळवारी ती दोन्ही पायऱ्या एका उडीत उतरून दुकानात आली आणि एक कागद मास्तरांच्या मांडीवरच्या टायरवर ठेवला. संमतीपत्र. दोन वर्षं संघाच्या वसतिगृहात राहायचं, शाळा तिथेच, सायकल तिथेच. पालकांची सही हवी. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला.

मास्तरांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. पेन शोधायला उठले. "कोण आहे गं प्रशिक्षक?"

भिंगरीने नाव सांगितलं, आणि मास्तर जागच्या जागी थांबले. टेलरही थांबला. मला नाव कळलं नाही, पण ते दोघं भिंतीकडे बघायला लागले, म्हणून मीही बघितलं.

तो पाणक्या होता. बगळ्याच्या संघात पाणक्याचं काम काय, तर मागे गाडीपाशी जाऊन बाटल्या सदऱ्यात खुपसायच्या आणि पुढे जाऊन सगळ्यांना वाटायच्या. स्वतः जिंकायचं नाही, दुसऱ्याला जिंकवायचं. मास्तरांचा तो फार लाडका होता. "माझ्यासारखा आहे," म्हणायचे. पण त्याची पाटी उलटी होती.

मास्तर खाली बसले. पेन टेबलावरच राहिलं.

"काय झालं?" भिंगरी म्हणाली.

"नाही, बघू."

"बघू काय? आजोबा! तुम्हीच म्हणता ना, सगळेच घेत होते, सोडून द्या?"

"म्हणतो."

"मग सोडून द्या की!"

मास्तरांनी खडू उचलला, खाली ठेवला, परत उचलला. "अगं, सगळेच म्हणायचो तेव्हा सगळे म्हणजे ते लोक होते. आता तू तिकडे गेलीस म्हणजे त्या सगळ्यांत तू पण आलीस. मला हे आधी कधी सुचलंच नाही."

आणि तेवढ्यात टेलर, ज्याने संघाबरोबर जेवणाऱ्यालाही बंदी घातली असती तो टेलर, घसा खाकरून म्हणाला, "सही कर रे. पोरीचं नशीब आहे."

"तू म्हणतोस? तू?"

"अरे, ती टीव्हीतली माणसं होती. हा माणूस इथे आला, उन्हात उभा राहिला, त्याने पोरीची वेळ मोजली. वेगळी गोष्ट आहे."

"काय वेगळी? पाटी तूच फिरवलीस ना?"

"फिरवली असेल. फिरवल्या होत्या बऱ्याच."

बुधवार, गुरुवार दोघं उलट्या बाजूंनी भांडले. मास्तर टेलरची जुनी वाक्यं बोलत होते आणि टेलर मास्तरांची. मधूनच एखादा आपलं स्वतःचं वाक्य बोलून जायचा आणि मग जीभ चावायचा. मी कोणाच्या बाजूने मान हलवायची हेच मला कळेना, म्हणून मी चहा करत राहिलो. भिंगरी आजोबांशी बोलत नव्हती. ताटावर बसायची, जेवायची, उठायची. मास्तरांनी त्या दोन दिवसांत एका गवळ्याचं चाक सात वेळा उतरवून सात वेळा चढवलं.

गुरुवारी संध्याकाळी वहिनींनी निकाल दिला. धुतलेले हात पदराला पुसत त्या बाहेर आल्या. "त्या पाणक्याने केलं काय होतं, ते तरी सांगा एकदा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सापडला होता," टेलर म्हणाला.

"कधी?"

"तो... ज्या वर्षी अख्खा संघ शर्यतीतून काढला, त्या वर्षी."

"मला आठवतंय ते," वहिनी म्हणाल्या. "बातमी आली आणि तुम्ही रागारागाने उठून नऊच्या नऊ पाट्या उलट्या केल्यात. एका खिळ्याचं तर भोकच मोठं झालं. त्यानंतर कोण सुटलं, कोण अडकलं, कोणी बघितलं होतं का?"

कोणी बघितलं नव्हतं. भिंगरीने मोबाइलवर तासभर शोधलं. नऊपैकी आठ जण पुढे अडकले, काहींनी कबूल केलं, काहींना बंदी झाली. पाणक्याचं नाव कुठेच नाही. तपासणी झाली, काही निघालं नाही, पुढच्या वर्षी त्याने संघ सोडला.

टेलरचा चेहरा कापड कमी पडल्यासारखा झाला. "एकोणीस वर्षं," तो म्हणाला, "एकोणीस वर्षं मी त्या माणसाला भिंतीकडे तोंड करून ठेवलं." तो उठला, पाटी सरळ केली आणि आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसली. मास्तर मोठ्याने हसले. भिंगरी आजोबांच्या गळ्यात पडली. सही तेव्हाच व्हायची, पण मास्तर म्हणाले, "शनिवारी तो येणार आहे ना कागद घ्यायला? त्याच्यासमोर करतो. मान दिल्यासारखं होईल." टेलरनेही मान डोलावली. मीही डोलावली. अशी ही आमची अक्कल.

शनिवारी तीनच्या सुमाराला पायऱ्यांवर दोन गुडघे दिसले आणि त्यांच्याशेजारी एक सुटं चाक. पाणक्या पन्नाशीच्या आतबाहेरचा, उन्हाने रापलेला, एका गालावर थोडी सूज. खांद्याला कापडी पिशवी. "काका, तुमचं नाव ऐकलंय. माझ्या गाडीवरच्या सायकलचं हे चाक मारतंय. बघता का जरा?"

मास्तरांना स्वर्गच मिळाला. चाक स्टँडवर चढवलं, खडू घेतला. टेलरला मात्र दम निघेना. त्याने पाणक्याला भिंतीसमोर नेलं आणि सगळी पद्धत समजावून सांगितली. कोरे पत्रे म्हणजे काय, सरळ पाट्या म्हणजे काय, आम्ही कोणाला कोणतं नाव ठेवलंय. "आणि ही तुमची. चूक झाली होती आमची. परवाच सरळ केली. माफ करा हं."

पाणक्याने एक कोरा पत्रा हलकेच उचलून मागचं नाव वाचलं, सोडला. दुसरा उचलला, सोडला. मग स्वतःच्या पाटीपाशी आला, तिचा कोपरा धरला आणि ती उलटी करून ठेवली.

"हिला असंच राहू द्या," तो म्हणाला.

मास्तरांचं चाक फिरत होतं, पण हातातला खडू रिमला टेकून राहिला होता. पूर्ण रिमवर पांढरी गोल रेघ उमटत गेली आणि त्यांना भान नव्हतं.

"म्हणजे घेतलंत?" टेलरने विचारलं.

"नाही. पण हे मी म्हणतोय. ते आठ जणही आधी असंच म्हणत होते." पाणक्या स्टुलावर बसला. "माझ्याकडे दोन पिशव्या असायच्या. एक बाटल्यांची, ती सगळ्यांना दिसायची. दुसरी छोटी, थंड राहणारी. सकाळी संघाचा डॉक्टर हातात द्यायचा. हॉटेलातून बसमध्ये न्यायची आणि बगळ्याच्या, तुम्ही त्याला बगळा म्हणता ना, त्याच्या सीटखाली ठेवायची. तीन वर्षं नेली."

"काय होतं आत?"

"कधी उघडली नाही."

"विचारलंही नाही?"

"विचारलं असतं तर कोणीतरी सांगितलं असतं."

वहिनी दारात उभ्या होत्या. टेलर म्हणाला, "मग आता आम्ही तुम्हाला काय धरायचं?"

"मला नका विचारू. माझं मलाच ठरवता आलेलं नाही."

आता सांगा, या माणसाला चांगला म्हणायचं की वाईट? न विचारता सांगितलं म्हणून चांगला म्हणावं, तर तीन वर्षं विचारलं नाही ते कुठे ठेवायचं? माझ्या डोक्याचं पार भजं झालं. मास्तरांकडे बघितलं तर त्यांचं माझ्याहून वाईट. घड्याळात सव्वाचार झाले होते. संमतीपत्र टेबलावर, त्यावर पेन, आणि मास्तर कागदाकडे आणि पेनाकडे असे बघत होते जणू कोणीतरी तिसराच येऊन सही करणार आहे.

"माझ्या नातीच्या हातात कोणी अशी पिशवी दिली, तर?" त्यांनी विचारलं.

"तिने उघडावी."

"आणि तुम्हीच दिलीत तर?" हे भिंगरीने विचारलं. ती केव्हा आत आली ते कोणालाच कळलं नव्हतं.

"तरी उघडावी."

"मग ही द्या," ती म्हणाली आणि तिने त्याच्या खांद्यावरची पिशवी काढूनच घेतली.

"अगं ए!" वहिनी म्हणाल्या. पण पाणक्याने हात वर केले, जणू अंगझडतीच आहे.

भिंगरीने पिशवी टेबलावर उपडी केली. दोन केळी, त्यातलं एक काळं पडलेलं. एक सुटी ट्यूब. चष्मा. अर्धा खाल्लेला पाव. मोज्यांच्या जोडीतला एकच मोजा. "दुसरा कुठाय?" "माहीत नाही, खरंच." मुलींच्या वेळा लिहिलेली वही. आणि एक तपकिरी बाटली, लहान, लेबल नसलेली.

सगळे त्या बाटलीकडे बघायला लागले. कंपाउंडरच्या सायकलचा आवाज रस्त्यावरून गेला तरी मास्तरांनी कान टवकारले नाहीत.

"हे काय आहे?" भिंगरीने विचारलं.

"लवंगेचं तेल. दाढ दुखतेय चार दिवस. बायकोने भरून दिलंय."

"लेबल का नाही?"

"बायकोने भरून दिलंय म्हणून."

भिंगरीने बूच काढून वास घेतला आणि बाटली आजोबांना दिली. मास्तरांनी घेतला, टेलरला दिली. टेलरने घेतला, मला दिली. मला सर्दी होती, मला काहीच वास आला नाही, पण मी मान हलवली. वहिनींनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली, हुंगली, आणि त्या पाणक्याच्या सुजलेल्या गालाकडे बघत म्हणाल्या, "तेलाने नाही जायचं हे. दाढ काढा. पाच दिवस झाले तर पू होतो."

"हो वहिनी," पाणक्या म्हणाला.

मास्तर मात्र बाटलीकडे बघत नव्हते. ते पाणक्याच्या तोंडाकडे बघत होते. पोरीने त्याचं काळं पडलेलं केळं चारचौघांत काढलं, मोज्यावरून झाडलं, पण त्याच्या कपाळावर आठी नव्हती. मास्तर नंतर मला म्हणाले, "मला दुसरं काही कळलं नाही हो. फक्त एवढंच बघितलं की तिने विचारलं तेव्हा तो चिडला नाही. हे पुरेसं आहे की नाही, देव जाणे."

भिंगरी आजोबांसमोर येऊन उभी राहिली. "मी विचारीन. प्रत्येक बाटलीचं विचारीन. हसतील तर हसू देत."

"आणि चिडले तर?"

"परत येईन. बस आहेच की."

मास्तरांनी पेन घेतलं आणि सही केली. पाणक्याने कागद उचलला, चष्मा लावला, वाचला, आणि त्याचा सुजलेला गालही हसला. "काका, तुम्ही येताय का शर्यतीला?"

मास्तरांनी सायकलपटूच्या जागेवर सही केली होती. टेलर इतका हसला की त्याला खोकला लागला. "घ्या याला! याला घ्या! फक्त वाटेत कोणाचं चाक वाकडं झालेलं दाखवू नका!" पाणक्याने पिशवीतल्या वहीतून दुसरा कागद काढला, आणि या वेळी भिंगरीने बोट ठेवलं त्याच जागी मास्तरांनी सही केली. घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती. मग कोणीतरी म्हणालं की चाकाचं राहिलं, तेव्हा मास्तरांनी ती पांढरी गोल रेघ ओल्या फडक्याने पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. पाणक्याला चाक घेऊन जायला साडेसहा झाले. मी म्हटलं ना, तिथून कोणी लवकर सुटत नाही.

भिंगरी सोमवारी गेली. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन येतो आणि मास्तर तो स्पीकरवर टाकत नाहीत. शाळेचं विचारत नाहीत, वेळेचं विचारत नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला. "आज काय काय प्यायलीस?" मग ती पलीकडून सगळं सांगते आणि मास्तर पाना हातात धरून हुं हुं करत ऐकतात. काल मी तिथेच होतो. मास्तर म्हणाले, "विचारलंस? कोणाला? काय म्हणाले? बरं. बरं." फोन ठेवला.

टेलर वाट बघत होता. "काय म्हणाली?"

"चढावर एका पोरीने तिला बाटली दिली. हिने विचारलं, काय आहे. ती म्हणाली, पाणी."

"मग?"

"मग काय, पाणीच असेल."

"असेल म्हणजे?"

मास्तरांनी टेलरकडे बघितलं, मग माझ्याकडे, जणू गावच्या शाळेत सातवीपर्यंत तरी याचं उत्तर शिकवत असतील. मी छताकडे बघितलं. मग त्यांनी स्टँडवरचं चाक हाताने फिरवलं आणि खडू जवळ नेला.